घरच्या वर्कशॉपमध्ये सायकलची फ्रेम बांधायची आहे, सुरुवात कुठून करू?

अर्धगोल

मंडळी, सायकली खोलणं-जोडणं, चाकांचा आऊट काढणं, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा मधला अक्ष आणि त्याची बेअरिंगं) बदलणं हे उद्योग बरीच वर्षं चालू आहेत. आता फ्रेमच स्वतः बांधायची असं डोक्यात बसलंय. स्टीलची, रोजच्या वापराची, २८ मिमीचे टायर आणि वर मडगार्ड आरामात बसतील अशी.

जवळ आहे ते असं: शेडचा अर्धा भाग, भक्कम बाक, जुना पण दणकट व्हाइस, हॅक्सॉ, कानशी, व्हर्निअर, हातड्रिल. वेल्डिंग कधी केलेलं नाही.

प्रश्न: टिग (विजेच्या ज्योतीने नळ्याच वितळवून जोडायचं वेल्डिंग) शिकू की ब्रेझिंग (नळ्या न वितळवता मध्ये दुसरा धातू वितळवून जोडणं)? जिगशिवाय (नळ्या जागेवर धरून ठेवणारी चौकट) भागेल का? नळ्या कुठल्या? आणि फोर्कसुद्धा (पुढचं चाक धरणारा चिमटा) आपणच करायचा का? जिगचे व्हिडिओ बघून बघून आधीच धीर सुटत चाललाय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

कानसकाका

आधी ते जिगचे व्हिडिओ बंद करा. फ्रेम बांधण्यातला बराचसा वेळ कानशीवर जातो, ज्योतीसमोर त्या मानाने फार थोडा. नळ्या एकमेकींना नीट भिडल्या तर साधा माणूसही बरा जोड देऊ शकतो. नाही भिडल्या तर लाखाची जिग असली तरी फ्रेम तापल्यावर ओढली जाणारच.

म्हणून पहिलं काम, नळीचं तोंड कापणं. दांडी (वरची आडवी नळी) सीट ट्यूबला (सीटखालची उभी नळी) जिथे भिडते तिथे तिला सीट ट्यूबच्या गोलाईइतकी खाच हवी, आणि तीही तिरक्या कोनात. दोन्ही नळ्यांचे व्यास, पत्र्याची जाडी आणि कोन दिला की कागदी साचा छापून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात. साचा छापला की व्हर्निअरने मोजून बघा, प्रिंटर बऱ्याचदा दोन-तीन टक्के लहान छापतो. साचा नळीभोवती गुंडाळून चिकटवा, रेषेच्या बाहेर एक-दीड मिलिमीटर ठेवून हॅक्सॉने कापा आणि उरलेलं अर्धगोल कानशीने काढा. कानशीची गोलाई समोरच्या नळीपेक्षा किंचित लहान हवी. मोठी असली तर कडाच खात बसते आणि मध्ये उंचवटा राहतो.

तपासायची रीत: दोन नळ्या भिडवा, मागे दिवा धरा, फटीतून उजेड दिसता कामा नये. दिसला की परत कानस. कंटाळा येतो, पण इथे दिलेला तास पुढे तीन तास वाचवतो.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, नळी थेट व्हाइसमध्ये धरू नका. मधला पत्रा अर्धा मिलिमीटरचा असला तर लगेच चेपतो. कठीण लाकडाच्या ठोकळ्याला नळीच्या व्यासाचं भोक पाडून ठोकळा मधोमध चिरा आणि त्या दोन फाळक्यांत नळी धरा. दुसरी, दोन्ही टोकांच्या खाचा एकाच पातळीत यायला हव्यात. एक खाच जरा फिरली की हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी) आणि सीट ट्यूब एकमेकींना पिळलेल्या राहतात. त्यासाठी नळी एल-अँगलच्या घळीत ठेवायची आणि अँगलच्या काठाने नळीभर मार्करची रेघ मारायची. ही रेघ नळीच्या अक्षाला समांतर असते. दोन्ही साचे तिच्यावर लावा. रेघ मार्करनेच मारायची, टोच्याने नाही. पातळ नळीवरचा ओरखडा म्हणजे पुढे तडा जायला आमंत्रण.

धातुवेडी

काकांना +१. नळ्यांबद्दल मी लिहिते.

महागडं स्टील घेतलं म्हणजे फ्रेम जास्त कडक होते, हा गैरसमज आधी काढून टाका. साधं स्टील असो की भारीतलं मिश्रधातूचं, लवचिकतेचा गुणांक सगळ्यांचा जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. फरक असतो तो ताकदीत. जास्त ताकदीच्या स्टीलचा पत्रा पातळ ठेवता येतो, म्हणून वजन उतरतं. कडकपणा ठरतो व्यासावर आणि जाडीवर, त्यातही व्यासावर फार. पत्रा तेवढाच ठेवून डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून पेडलकडे येणारी तिरकी नळी) २८.६ ऐवजी ३१.८ मिमीची घेतली तर वाकण्याला विरोध साधारण ३७ टक्क्यांनी वाढतो, कारण तिथे व्यासाचा घन लागतो.

पहिल्या फ्रेमला ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील) उत्तम. दांडी आणि सीट ट्यूब २८.६, डाउन ट्यूब ३१.८. पत्रा टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिमी असलेल्या बटेड नळ्या घ्या, किंवा सरळ एकजात ०.९ च्या घ्या. थोडं वजन वाढेल, पण हात बसलेला नसताना जाड पत्रा खूप चुका पोटात घालतो. बटेड घेणार असाल तर कापण्याआधी कारखान्याचा तक्ता बघा. जाड भाग किती लांबीचा आहे आणि कुठल्या टोकाला जास्त आहे ते त्यात असतं. चुकीच्या टोकाने कापलं तर जोड थेट पातळ पत्र्यावर येतो.

ही बटेड नळीची युक्ती जुनी आहे, रेनॉल्ड्सने तिचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं. त्यांचीच ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी १९३५ मध्ये आली. जुना ५३१ चा संच कुठे मिळाला तर जरूर घ्या, पण तो लग (सांध्यावर नळ्यांची टोकं ज्यात बसतात ते धातूचे तुकडे) आणि ब्रेझिंगसाठीच. टिगच्या नादाला लावू नका. उलट ८५३ सारख्या नळ्या वेल्डनंतर हवेतच थंड होताना जोडाजवळ कठीण होतात, त्या टिगसाठीच बनवल्यात.

ॲल्युमिनियमचा मोह टाळा. ६०६१ ची नळी टी-६ (उष्णतासंस्काराने कठीण केलेल्या) अवस्थेत विकत मिळते, पण वेल्डजवळ ती ताकद जाते. परत आणायची तर अख्खी फ्रेम भट्टीत घालून पुन्हा उष्णतासंस्कार करावे लागतात. आणि सरावालाही नळाचा गॅल्वनाइज्ड पाइप घेऊ नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

निवांत_पेडल

वाचतोय. अवांतर: बांबूची फ्रेम सोपी पडेल का? आग नाही, सिलिंडर नाही.

धातुवेडी

आग नाही हे खरं. पण बांबू नीट वाळवून घ्यावा लागतो, नाहीतर जोडणीनंतर चिरतो. ताग किंवा कार्बनचे धागे इपॉक्सीत भिजवून सांधे गुंडाळायचे म्हणजे तेही वेगळं कसबच. शिवाय बॉटम ब्रॅकेट, हेड ट्यूब आणि ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा अक्ष बसतो ते तुकडे) धातूचेच लागतात. त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, इथे गाडी रुळावरून उतरेल.

टंगस्टन

माझं मत जरा वेगळं आहे. शिकायचंच तर टिग शिका. फ्लक्स (तापलेल्या धातूवर गंज चढू न देणारा लेप) घासत बसावं लागत नाही, आच थोड्याच भागाला लागते, लग शोधायला नकोत, कोन हवा तो घेता येतो. मशीन पुढे हजार कामांना उपयोगी पडतं. आज बाजारातल्या बहुतेक स्टील फ्रेमा टिगच्याच आहेत, उगाच नाही.

निळी_ज्योत

टंगस्टनराव, कारखान्यात टिग आहे कारण तिथे वेग लागतो आणि दिवसभर तेच काम करणारा हात असतो. ज्याने वेल्डिंगच केलेलं नाही त्याने ०.९ मिमीच्या पत्र्यावर टिगची सुरुवात केली तर पहिला महिना नुसती भोकं पडतील. शिवाय टिगला फट चालत नाही म्हणजे नाहीच, आणि जोड मागून नासू नये म्हणून नळीत आर्गन सोडावा लागतो.

ब्रेझिंगमध्ये नळी वितळतच नाही, वितळतो तो रॉड. ५६ टक्के चांदीचा रॉड ६१८ अंशांना वितळायला लागतो आणि ६५२ ला पूर्ण पातळ होतो. पितळी रॉड ८७०-८९० च्या आसपास. स्टील १४०० च्या वर. एवढी मोकळीक नवशिक्याला दुसरीकडे कुठे मिळते? आणि चांदीचा जोड चुकला तर पुन्हा तापवून सोडवता येतो.

माझा सल्ला: लगची फ्रेम, सांधे चांदीने, फक्त ड्रॉपआउट पितळेने. चांदीला फट ०.०५ ते ०.१२ मिमी लागते, त्याहून मोठी असली तर ती भरत नाही. ड्रॉपआउटच्या खाचेत फट मोठी असते, तिथे पितळ बरं.

फ्लक्समध्ये गफलत करू नका. पितळेला टाकणखाराचा फ्लक्स चालतो, चांदीला नाही. टाकणखार स्वतःच ७४० अंशांच्या वर वितळतो, तोवर चांदी कधीच जळून जायच्या बेताला आलेली असते. चांदीला फ्लोराइडवाला फ्लक्स लागतो, म्हणून खिडक्या-दारं उघडी आणि पंखा धूर बाहेर ओढेल असा. रॉडच्या वेष्टनावर ‘कॅडमियमविरहित’ लिहिलेलं नसेल तर तो रॉड घरात आणू नका. जुन्या ४५ टक्क्यांच्या रॉडमध्ये कॅडमियम असायचं आणि त्याचा धूर जिवावर बेततो.

आता ज्योतीचं. फ्लक्स हाच थर्मामीटर. आधी त्यातलं पाणी उडतं, तो फुगून पांढरा होतो, मग वितळून पाण्यासारखा नितळ होतो आणि नळीवर चकाकतो. तेव्हा रॉड टेकवायचा. रॉडला आच द्यायची नाही, लगला द्यायची, रॉड लगच्या उष्णतेनेच वितळला पाहिजे. वितळलेली चांदी गरम दिशेकडे धावते. म्हणून लगच्या एका काठाला रॉड लावा आणि ज्योत हळूहळू दुसऱ्या काठाकडे न्या. तिथे चांदीची बारीक चकचकीत कड उमटली की समजायचं, आतून प्रवास पुरा झाला. ज्योत एका जागी थांबवायची नाही. फ्लक्स काळा पडला तर तो जळलाय, त्यावर कितीही चांदी ओता, धरणार नाही. थांबा, गार होऊ द्या, धुवा, घासा, परत सुरू करा.

टंगस्टन

नवशिक्याचा मुद्दा मान्य. पण घरात ॲसिटिलीन आणि ऑक्सिजनची सिलिंडरं, ते कसं चालतं तुम्हाला?

सुरक्षित_अंतर

टंगस्टन यांनी योग्य दुखण्यावर बोट ठेवलं. मी कामानिमित्त यातच असतो, म्हणून मोजकं सांगतो.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, आट्यांना, पाइपला तेल किंवा ग्रीसचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेतं. सायकल मेकॅनिकचे हात कायम ग्रीसचे, म्हणून मुद्दाम सांगतो. ॲसिटिलीनचा दाब १ बारच्या वर न्यायचा नाही, १५ पीएसआय ही त्याची लक्ष्मणरेषा. त्यापुढे तो वायू हवा नसतानाही फुटू शकतो. सिलिंडर उभंच ठेवायचं, साखळीने बांधून. तांब्याची नळी या वायूला वर्ज्य. दोन्ही लाइनींना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत पाइपमधून मागे जाऊ न देणाऱ्या झडपा) हवेत. गळती साबणाच्या फेसाने तपासायची. काम संपलं की सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद, पुढचा अर्धा तास शेडमध्येच थांबायचं. कापूस, भुसा, चिंध्या आत धुमसत असतील तर ते लगेच दिसत नाही.

घरासाठी मला प्रोपेन आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) ही जोडी जास्त पटते. मिनिटाला ५ लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर आणि लहान टिप, एवढ्यावर फ्रेमचे सांधे होतात, आणि उच्च दाबाचं ऑक्सिजन सिलिंडर घरातून जातं. ज्योत ॲसिटिलीनपेक्षा पसरट असते, सवय करावी लागते. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. तळघर असेल तर विचारही नको.

आणखी एक, दोन्ही टोकं बंद झालेली नळी तापवायची नाही. आतली हवा फुगते आणि शेवटचा सांधा मिटत असताना वितळलेला धातू तुमच्या दिशेने उडवते. प्रत्येक नळीला सांध्याच्या आत लपेल असं ३ मिमीचं भोक आधीच पाडा. सीट स्टे आणि चेन स्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या वरच्या आणि खालच्या नळ्या) बाबतीत हेच विसरलं जातं.

चक्रावलेला

एवढा खटाटोप कशासाठी? तयार फ्रेम मिळते की.

कानसकाका

मिळते ना. घ्या आणि चालवा, आमची ना नाही.

त्रिज्या

जिग आणि भूमितीबद्दल राहिलंच की. मी उलट्या टोकाने सुरू करते: आधी फोर्क विकत घ्या, मग ड्रॉइंग काढा. फोर्कची उंची आणि रेक (चाकाचा अक्ष हँडल फिरतं त्या रेषेच्या किती पुढे आहे ते) हातात नसताना काढलेला हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) कागदावरच राहतो. फोर्क १० मिमीने उंच निघाला तर फ्रेम पुढून उचलली जाते आणि हेड ट्यूब आणि सीट ट्यूबचे दोन्ही कोन साधारण अर्ध्या अंशाने पडतात.

अर्धा-एक अंश म्हणजे काय मोठं, असं वाटत असेल तर ट्रेल (हँडल फिरतं ती रेषा जमिनीला भिडते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) काढून बघा. चाकाची त्रिज्या गुणिले हेड अँगलचा कोसाइन, त्यातून रेक वजा, आणि आलेल्या उत्तराला त्याच कोनाच्या साइनने भागायचं. २८ मिमीच्या टायरसह त्रिज्या ३३९ मिमी, रेक ४५ धरला तर ७३ अंशांना ट्रेल ५७ मिमी येतो, ७२ ला ६३. पहिलीचं हँडल चटकन वळेल, दुसरी सरळ जायला बघेल. रोजच्या वापराला मी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबेन. बॉटम ब्रॅकेट चाकांच्या अक्षांपेक्षा ७० मिमी खाली आणि मडगार्ड हवेत म्हणून चेन स्टे ४३० च्या आसपास. पॅडल आडवं असताना बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागतंय का, हेही ड्रॉइंगवरच तपासा. लहान फ्रेममध्ये हमखास लागतं.

मूळ आकाराचं ड्रॉइंग जाड एमडीएफवर काढा आणि नळ्या त्याच्यावरच ठेवून जुळवा. जिग म्हणजे अखेर नळ्या जागच्या जागी धरून ठेवायची सोय. एकच फ्रेम करायची तर ठोकळे, पाचर आणि क्लॅम्प पुरतात. क्रमाला मात्र महत्त्व आहे. आधी सीट ट्यूब बॉटम ब्रॅकेटच्या कवचात, आणि ती कवचाच्या तोंडाला काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघा. पुढची सगळी मापं तिथूनच निघतात. मग पुढचा त्रिकोण, त्यानंतर चेन स्टे, सर्वात शेवटी सीट स्टे. प्रत्येक सांधा आधी दोन-तीन ठिकाणी टाचून घ्या, मापं घ्या, मगच पूर्ण भरा.

मागचा त्रिकोण मधोमध आहे का, हे बघायला दोरा पुरतो. एका ड्रॉपआउटला बांधायचा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणायचा, ताणायचा. मग सीट ट्यूबपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर व्हर्निअरने मोजा. फरक १ मिमीच्या आत असला की मला झोप लागते. पण हेड ट्यूब पिळलेली असली तर दोरा काही बोलत नाही. त्यासाठी हेड ट्यूब आणि सीट ट्यूबमध्ये प्रत्येकी एक सरळ सळई घालून एका डोळ्याने दोन्ही एका रेषेत बघायच्या.

निळी_ज्योत

त्रिज्याताई, फोर्क विकत घेण्याला माझाही पाठिंबा, पण कारण वेगळं. दांडीचा सांधा गेला तर बहुतेक वेळा आधी करकर होते, रंग तडकतो. फोर्कचा स्टीअरर (हेड ट्यूबमध्ये जाणारी त्याची वरची नळी) गेला तर सूचना मिळेलच असं नाही, माणूस थेट तोंडावर. आयएसओ ४२१० मध्ये (सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) पेडलच्या जोराची चाचणी फ्रेमवर एक लाख वेळा करतात. आपल्याकडे घरात त्याला पर्याय एकच, सरावाचे सांधे करायचे आणि चिरून बघायचे.

अर्धगोल

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत टाकलाय. लग आणि चांदी असं ठरवलं. जवळच्या एका शिकवणाऱ्याकडे ज्योत धरायला शिकतोय, प्रोपेन आणि कॉन्सन्ट्रेटरवर. २८.६ च्या नळीचे तुकडे आणि त्यांवर बसणाऱ्या बाह्या घेऊन सराव चाललाय.

काल एक बाही उभी चिरून उलगडली. रॉड लावला त्या बाजूला चांदी सगळीकडे पसरलीय, फिकट चकचकीत. समोरच्या बाजूला मधोमध बोटाच्या नखाएवढा काळपट खरबरीत डाग आहे, तिथे चांदी पोचलेलीच नाही. बाहेरून मात्र दोन्ही कडांना चांदीची रेघ अखंड दिसत होती! फ्लक्स काळा पडला नव्हता. मग हे काय?

निळी_ज्योत

वा, चिरलंत हे फार छान केलंत. दोन शक्यता दिसतात. एक, तिथे धातू स्वच्छच नव्हता. नळी बाहेरून घासली जाते, बाहीची आतली बाजू राहून जाते. इमरी पेपर बोटाला गुंडाळून आतूनही घासा, ॲसिटोनने पुसा, मग उघड्या हाताने शिवू नका. दुसरी आणि जास्त संभवनीय, तुम्ही रॉड दोन्ही कडांनी दिला. तसं केलं की चांदी दोन्हीकडून आत येते आणि मधला फ्लक्स कोंडला जातो, त्याला निघायला वाटच उरत नाही. एकाच कडेने भरायचं आणि दुसरीकडून ती बाहेर येताना बघायचं. फ्लक्स पुढे ढकलला जातो, मागे चांदी.

अर्धगोल

दोन्ही कडांनीच दिला होता. रेघ अर्धवट दिसली म्हणून समोरून ‘पूर्ण’ केली.

कानसकाका

ती बाही बाकावर समोर टांगून ठेवा.

आता पुढचं, म्हणजे कुणी ऐनवेळी अडायला नको. सांधे झाल्यावर चांदीचा फ्लक्स गरम पाण्यात भिजवला की निघतो. पितळेचा काचेसारखा घट्ट बसतो, त्याला रात्रभर लागू शकते. हातोडीने ठोकून काढू नका. बॉटम ब्रॅकेटचे आटे आचेने थोडे बिघडतातच, त्यातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवावा लागतो. १.३७ इंच, २४ आट्यांचा, आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे, हे घाईत विसरू नका. कवचाची तोंडं सपाट करणं, हेड ट्यूब आणि सीट ट्यूबला रीमर मारणं, ही हत्यारं एका फ्रेमसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून करून घ्या. रंगाआधी नळ्यांच्या आतून जवसाचं तेल फिरवून निथळू द्या, स्टील आतूनच गंजतं.

अर्धगोल

काका, बाटलीच्या पिंजऱ्याचे बॉस (स्क्रूसाठी आटे असलेले नळीवरचे तुकडे) कधी लावायचे? फ्रेम झाल्यावर की आधी?

कानसकाका

आधी. सुटी नळी व्हाइसमध्ये हवी तशी फिरवता येते, आणि नळीला भोक पडलेलं असल्याने हवेलाही वाट मिळते. एम-५ आट्यांचे बॉस घ्या, दोहोंतलं अंतर ६४ मिमी. भोकं नळीच्या पातळ भागात येतात, तेव्हा आच बेताची, चांदीनेच. सीट ट्यूबवरचा वरचा बॉस पुढच्या डिरेलरच्या पट्ट्याखाली जात नाही ना, ते त्रिज्याताईंच्या ड्रॉइंगवर आधी बघून घ्या.